जुनी फियाट पुन्हा रस्त्यावर



आपल्या शहरात अजूनही एखाद्या घरामागे जुनी फियाट उभी दिसते.
हीच पुढे प्रीमियर पद्मिनी झाली.
सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांच्या कंपनीने ती कुर्ल्यात बनवली.
आपल्या मातीतली गाडी!

समजा, तिची दुरुस्ती झाली. रंगही झाला.
आता पहिली फेरी.

श्रोतेहो, आधी ब्रेक पाहा.
चारही चाकांना ड्रम ब्रेक.
आजच्या गाडीसारखे ते पटकन धरत नाहीत.
आणि उभ्या गाडीतलं रबर कडक होतं.
म्हणून ब्रेकचं रबर, पेट्रोलची नळी, रेडिएटरचा पाइप नवीनच घाला.

सकाळी लवकर निघा.
दौलताबादच्या रस्त्याने नगर नाका, पडेगाव, मिटमिटा...
तिथूनच परत फिरा.
दौलताबादच्या पुढचा घाट पहिल्या दिवशी नको.
चढावर जुनं इंजिन लवकर तापतं.

घरी आल्यावर गळती तपासा.
गरम रेडिएटरचं झाकण मात्र उघडू नका.

पुन्हा सांगतो, आधी ब्रेक, मग फेरी.

आता नोंदणीबद्दल. 2021 पासून 50 वर्षांपेक्षा जुन्या गाडीची 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी होते.
मात्र अशी गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही.
म्हणून नोंदणीआधी आरटीओत जाऊन नियम नीट विचारून घ्या.