ओळखीचा चेहरा, अनोळखी नाव



हौशी रंगभूमीवर मी वीसेक वर्षं काम केलं. भूमिकांचं वाटप माझ्यापर्यंत येईस्तोवर हवालदार, पोस्टमन किंवा नायकाचा शेजारी, एवढंच शिल्लक असायचं. चार वाक्यांसाठी दोन-दोन महिने तालमी कशासाठी करायच्या, हा प्रश्न मला छळायचा. उत्तर मिळालं ते एका अमेरिकन नटाच्या कामातून. त्याचं नाव हॅरी डीन स्टँटन.

हे नाव तुमच्यापैकी अनेकांना परिचयाचं नसेल, पण चेहरा पाहिलेला असेल. 'एलियन' (१९७९) या चित्रपटात मांजर शोधायला जाऊन बळी पडणारा यानावरचा तंत्रज्ञ आठवतो? किंवा 'द ग्रीन माइल' (१९९९) मध्ये फाशीघराच्या तालमीसाठी विजेच्या खुर्चीत बसून थट्टा करणारा म्हातारा कैदी? ते दोघेही स्टँटनच. खप्पड गाल, थकलेले डोळे आणि कुठल्याही गर्दीत मिसळून जाईल असा बांधा.

त्याचा जन्म १९२६ चा, केंटकी राज्यातला. दुसऱ्या महायुद्धात तो नौदलात होता. ओकिनावाच्या लढाईच्या वेळी जहाजावर स्वयंपाक्याचं काम करत होता. परत आल्यावर विद्यापीठात शिकला, कॅलिफोर्नियाच्या पॅसाडेना प्लेहाउसमध्ये नाट्यशिक्षण घेतलं. मग सुरू झाली टीव्हीवरच्या 'गनस्मोक', 'रॉहाइड' यांसारख्या काउबॉय मालिकांमधली कामं. आज गुंड, उद्या दरोडेखोर. एका भागात यायचं आणि संपायचं.

१९६६ च्या 'राइड इन द व्हर्लविंड' या चित्रपटाची पटकथा त्याचा मित्र जॅक निकल्सन याची होती. त्यानं स्टँटनला टोळीचा म्होरक्या करायला दिला आणि एक सल्लाही दिला: तू काही करू नकोस, पात्र काय ते कपडे दाखवतील, तू आपला स्वतःसारखा राहा. स्टँटननं हा सल्ला जन्मभर पाळला. 'कूल हँड ल्यूक'मधला गाणारा कैदी पाहा किंवा 'गॉडफादर'च्या दुसऱ्या भागातला एफबीआयचा माणूस. प्रसंग दोन मिनिटांचा असला, तरी या माणसाला मागे घरदार आहे, दुखणीखुपणी आहेत, हे आपल्याला जाणवतं. प्रसिद्ध समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी तर एक नियमच मांडला होता. स्टँटन किंवा एम. एमेट वॉल्श यांच्यापैकी एक जण दुय्यम भूमिकेत असेल, तर तो चित्रपट अगदीच वाईट असू शकत नाही!

तरी त्यालाही कंटाळा आला होताच. त्याच त्या भूमिकांना विटलो, असं तो नाटककार सॅम शेपर्डला म्हणाला होता. शेपर्डनं विम वेंडर्सच्या 'पॅरिस, टेक्सस'मध्ये त्याचं नाव पुढे केलं. १९८४ साली तो चित्रपट आला, तेव्हा नायक झालेला स्टँटन अठ्ठावन्नाच्या घरात होता. सुरुवातीला बराच वेळ हा नायक बोलतच नाही. शेवटी काचेआडच्या पत्नीशी फोनवरून, तिच्याकडे पाठ करून बोलतो, तेव्हा आपला श्वास अडकतो. कान महोत्सवात या चित्रपटाला सर्वोच्च पुरस्कार मिळाला.

यानंतर तो फक्त नायकाच्या भूमिकांसाठी अडून बसला नाही. पुन्हा छोटी कामं केली, ऐंशीच्या उंबरठ्यावर 'बिग लव्ह' मालिकेत बहुपत्नीक पंथाचा धूर्त धर्मगुरू रंगवला. अखेरचा मोठा चित्रपट 'लकी'. त्यातला नव्वदीचा एकटा नौसैनिक जवळजवळ तोच होता. १५ सप्टेंबर २०१७ रोजी, ९१ व्या वर्षी स्टँटन गेला. 'लकी' त्याच महिन्याच्या शेवटी अमेरिकेतल्या चित्रपटगृहांत लागला.

निकल्सनचा तो सल्ला वाचल्यानंतरच्या नाटकात मी पुन्हा हवालदार होतो. या खेपेला मिशीला पीळ दिला नाही, दांडका आपटला नाही. दिवसभराच्या ड्यूटीनं पाय दुखताहेत, एवढंच मनात धरून उभा राहिलो. बक्षीस अर्थातच नायकाला मिळालं. पण पुढच्या वर्षी भूमिकांचं वाटप होत असताना मीच म्हणालो, "हवालदार असेल तर माझ्यासाठी ठेवा."