मालवणच्या प्रवाळांना भेटताना

मित्रमंडळींसोबत शनिवार-रविवार मालवणला जाऊन स्कूबा डायव्हिंग करायचा बेत आहे? मग थोडी माहिती सोबत असू द्या.

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर प्रवाळ वाढतात. १९८७ साली इथे सागरी अभयारण्य जाहीर झालं. प्रवाळ दिसतो दगडासारखा, पण तो असंख्य चिमुकल्या जीवांची वसाहत असतो. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहतं. ते सूर्यप्रकाशावर अन्न बनवतं आणि प्रवाळाला रंगही देतं. पाणी फार तापलं की हे शैवाल निघून जातं, प्रवाळ पांढरा पडतो आणि तसाच राहिला तर उपासमारीनं मरतो.

आता तुमच्या सुरक्षिततेविषयी. दहा मीटर खोलीवर दाब जमिनीवरच्या दुप्पट होतो. म्हणून खाली जाताना नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारा, म्हणजे कान दुखत नाहीत. श्वास कधीही रोखू नका. वर येताना छातीतली हवा प्रसरण पावते आणि फुप्फुसांना इजा होऊ शकते. सर्दी, दमा किंवा हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. पोहता येत नसलं तरी प्रशिक्षकाचा हात धरून उतरता येतं.

पावसाळ्यात समुद्र खवळलेला आणि पाणी गढूळ असतं. तेव्हा दिवाळीनंतरचे महिने निवडा.

आणि एक कळकळीची विनंती: प्रवाळावर पाय ठेवू नका, तुकडा तोडू नका, माशांना पाव-बिस्किटं घालू नका. प्रवाळांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. पण पाण्याखाली त्यांची खरी राखण आपणच करायची आहे.