एकशे आठ वर्षांची वाट

मंडळी, अमेरिकेत शिकागो नावाचं मोठं शहर आहे. तिथं बेसबॉलचं फार वेड. एकानं चेंडू फेकायचा, दुसऱ्यानं तो लाकडी दांड्यानं टोलवून धावत सुटायचं. थोडंफार आपल्या क्रिकेटसारखंच, बरं का.

तिथला एक संघ कब्स. कब म्हणजे अस्वलाचं पिल्लू. हा संघ १९०८ साली अजिंक्य ठरला. त्यानंतर अजिंक्यपद काही मिळेना. लोक एकमेकांना म्हणत, "जाऊ द्या, पुढल्या वर्षी बघू." असं म्हणता म्हणता बाप म्हातारा झाला, वारला. मग मुलगा तेच म्हणू लागला.

२०१६ साली कब्स आणि क्लीव्हलंड यांची गाठ पडली. चार सामने जिंकेल तो अजिंक्य. क्लीव्हलंडनं तीन जिंकले, कब्सनं एकच. आणखी एक हरले की संपलं! पण कब्सनं पुढचे दोन्ही मारले. २ नोव्हेंबरच्या रात्री सातवा सामना झाला. नऊ डाव झाले, तरी दोघांच्या धावा सहा-सहा. त्यात पाऊस आला. सतरा मिनिटं खेळ बंद. घरोघर लोक जीव मुठीत धरून बसले. दहाव्या डावात कब्स आठ-सात असे जिंकले.

त्या दिवसांत शिकागोच्या मैदानाबाहेर लोकांची रीघ लागली. विटांच्या भिंतीवर ते खडूनं नावं लिहीत. कुणी आईचं, कुणी बापाचं, कुणी आजोबांचं. वाट बघता बघता गेलेल्या माणसांची ही नावं. हात पोचेल तिथवर भिंत भरून गेली. खडू संपला, की शेजारचा अनोळखी माणूस आपला खडू पुढं करी.