नानाभाई मूस आणि साठ वर्षांच्या नोंदी
(ग्रंथालयाच्या शतकमहोत्सवानिमित्त हातोद येथील व्याख्यानाचा मजकूर)



प्रत्येक जुन्या ग्रंथालयात एक कपाट असे असते की ज्याच्याकडे सहसा कोणी फिरकत नाही. कादंबऱ्यांची कपाटे दिवसातून दहा वेळा उघडतात, दिवाळी अंकांसाठी सभासदांत रुसवेफुगवे होतात. परंतु त्या एका कपाटात जुनी पंचांगे, संस्थानी अहवाल, कोष्टकांचे जाडजूड ग्रंथ निमूटपणे पडून असतात. देवघेवीच्या वहीत वर्षानुवर्षे त्यांच्यापुढे कोणाचे नाव लागत नाही. जागा अपुरी पडू लागली की व्यवस्थापकांची नजर प्रथम त्याच कपाटावर जाते. ज्या ग्रंथाला वाचक नाही तो ग्रंथ मृत समजावा काय, हा प्रश्न शंभर वर्षे पुरी करणाऱ्या संस्थेला कधी ना कधी पडतोच. त्याचे उत्तर शोधताना एका भूभौतिकशास्त्रज्ञाचे चरित्र मोठे उद्बोधक ठरते. ते म्हणजे मुंबईच्या कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई आर्देशीर फ्रामजी मूस.

कुलाब्याची ही वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली स्थापन केली. बंदरात येणाऱ्या जहाजांना अचूक वेळ सांगणे आणि आकाशाचे वेध घेणे हा तिचा मूळ हेतू होता. पुढे १८४१ पासून प्रा. ऑर्लेबार यांच्या देखरेखीखाली तेथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची निरीक्षणे सुरू झाली. महाराष्ट्राच्या प्रबोधनकाळाशी या वास्तूचे निकटचे नाते आहे. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर यांनी तिचा कारभार काही काळ पाहिला होता. लोकमान्य टिळकांचे गुरू म्हणून ज्यांचे नाव आदराने घेतले जाते, त्या केरो लक्ष्मण तथा केरूनाना छत्रे यांनी उमेदीची वर्षे याच वेधशाळेत निरीक्षक म्हणून काढली. केरूनानांची 'ग्रहसाधनाची कोष्टके' १८६० साली प्रसिद्ध झाली, तिच्यामागील चिकाटीची तालीम कुलाब्याच्या रात्रींत झाली असावी, असे म्हणण्यास हरकत नाही.

नानाभाईंचा जन्म १८५९ सालच्या ऑक्टोबर महिन्यात मुंबईत झाला. पुण्याच्या सायन्स कॉलेजात स्थापत्याचे आणि पुढे एडिंबरो विद्यापीठात विज्ञानाचे शिक्षण घेऊन ते परतले, काही काळ एल्फिन्स्टन कॉलेजात अध्यापक होते, आणि १८९६ साली चार्ल्स चेंबर्स यांच्यानंतर वेधशाळेचे संचालक झाले. १९१९ पर्यंत, म्हणजे तेवीस वर्षे, ते त्या पदावर होते. त्यांच्या कारकिर्दीत १८९८ साली तेथे मिल्न यांचे भूकंपमापक यंत्र बसले. परंतु त्यांच्या कार्याची खरी कसोटी एका निराळ्याच दिशेने आली.

मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्रामगाड्या आणण्याचा विचार विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झाला. नगरवासीयांस हर्ष व्हावा अशीच ती गोष्ट होती. पण विजेचा प्रवाह जेथून वाहतो तेथे चुंबकसूची विचलित होते. अर्धशतकाहून अधिक काळ अखंड चाललेली निरीक्षणे ट्रामच्या रुळांखाली चिरडली जाणार हे उघड होते. नानाभाईंनी नगराच्या सोयीस विरोध केला नाही. पर्यायी जागा आधी सिद्ध व्हावी एवढाच आग्रह धरला. कुलाब्यापासून सुमारे तीस किलोमीटरवरील अलिबाग त्यासाठी निवडण्यात आले. कोकणचा काळा पाषाण, जो आपल्या माळव्याच्या काळ्या मातीचाही जनक आहे, तो लोहयुक्त आणि स्वतःच चुंबकीय. म्हणून बांधकामासाठी पोरबंदरचा दगड पारखून आणण्यात आला आणि इमारतीत लोखंडाचा वापर कटाक्षाने टाळण्यात आला. १९०४ साली अलिबागेस निरीक्षणे सुरू झाली. त्यानंतर दोन वर्षे, १९०६ पर्यंत, दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेण्यात आल्या. नव्या जागेचे आकडे जुन्या आकड्यांशी ताडून पाहता यावेत आणि मालिकेचा धागा कोठेही तुटू नये, ही त्यामागील दृष्टी होती. विजेची ट्राम मुंबईत १९०७ साली धावली. तोवर कुलाब्याचा वारसा सुखरूप पलीकडच्या तीरावर पोहोचला होता. अलिबागजवळचे नागाव हे केरूनाना छत्र्यांचे जन्मगाव, हा एक मनोज्ञ योगायोग.

यानंतर १९१० साली नानाभाईंचा मुख्य ग्रंथ दोन भागांत प्रसिद्ध झाला. १८४६ ते १९०५ या साठ वर्षांतील मुंबईची चुंबकीय निरीक्षणे आणि त्यांची चर्चा, असा त्याचा विषय. साठ वर्षे म्हणजे पाच लाखांहून अधिक तास! १८७० नंतरच्या काळात छायाचित्रणाने आपोआप नोंद होऊ लागली. त्यापूर्वी टांगलेल्या चुंबकाचे विचलन दुर्बिणीतून पट्टीवर डोळ्यांनी वाचून वहीत टिपावे लागे. या अफाट सामग्रीतून नानाभाईंनी अनेक चुंबकीय वादळे निवडली, त्यांची सरासरी काढली आणि वादळाची एक ठरावीक चाल असते हे दाखवून दिले. आरंभी चुंबकीय बल किंचित वाढते, मग झपाट्याने घटते आणि नंतर कित्येक दिवस सावकाश पूर्वपदावर येते. इंग्लंडमधील सिडनी चॅपमन यांनी चुंबकीय वादळांचा जो अभ्यास लवकरच पुढे केला, त्याला ही वाट उपयोगी पडली. तज्ज्ञांच्या लहानशा वर्तुळात ग्रंथाची कदर झाली. सामान्य वाचकाने मात्र तो कधी हाती धरला नाही, आणि धरण्याचे कारणही नव्हते.

आता कालचक्र थोडे मागे फिरवू. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन सूर्यावरील डागांचे चित्र रेखाटीत असता त्यांना त्या डागांवर अकस्मात प्रखर प्रकाश दिसला आणि काही मिनिटांत तो मावळला. सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीवर चुंबकीय वादळ कोसळले. तारायंत्रे बिघडली, जेथे ध्रुवीय प्रकाश स्वप्नातही दिसत नाही अशा उष्ण प्रदेशांच्या सीमेपर्यंत आकाश लाल झाले. लंडनजवळील क्यू येथील वेधशाळेत नोंदीची रेघ कागदाच्या मर्यादेबाहेर निघून गेली. वादळ किती मोठे होते हे मोजणारी यंत्रेच त्याच्यापुढे थिटी पडली.

कुलाब्यास तेव्हा २ सप्टेंबरची सकाळ होती. वेधशाळा लेफ्टनंट फर्ग्युसन यांच्या ताब्यात होती. सूची विचलित होऊ लागताच तेथील निरीक्षकांनी तासाचा नेम बाजूस ठेवला आणि पंधरा-पंधरा, पाच-पाच मिनिटांनी नोंदी घेण्यास आरंभ केला. मध्यान्हापूर्वी क्षितिजसमांतर चुंबकीय बल सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घटले. ते बल आज त्या परिसरात सुमारे ३८,००० नॅनोटेस्ला असते. म्हणजे चार टक्क्यांच्या आसपासची ही घसरण. आकडे वहीत उतरले, वार्षिक ग्रंथात छापले गेले आणि कपाटात जाऊन बसले. त्यानंतर आठ आठवड्यांनी, त्याच मुंबईत, नानाभाईंचा जन्म झाला.

या नोंदींना जाग आली ती २००३ साली. ब्रूस त्सुरुतानी, वॉल्टर गोन्झालेझ, गुरबक्ष लखिना आणि शोभना अ‍ॅलेक्स या चौघांनी कुलाब्याच्या जुन्या सामग्रीवरून १८५९ च्या वादळाचे माप काढले. लखिना आणि अ‍ॅलेक्स हे भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे, म्हणजे कुलाबा-अलिबाग परंपरेच्या थेट वारसदार संस्थेचे. वादळाची तीव्रता उणे १७६० नॅनोटेस्ला इतकी असावी, असे त्यांनी अनुमान केले. १३ मार्च १९८९ च्या ज्या वादळाने कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील सुमारे साठ लक्ष लोक कित्येक तास अंधारात राहिले, त्याची तीव्रता उणे ५८९ होती. हे दोन आकडे शेजारी ठेवले की विद्युत्‌वाहिन्या आणि उपग्रह यांवर विसंबून असलेल्या जगाला घाम का फुटला, हे सांगणे नलगे. त्या अनुमानावर पुढे वादही झाले. तासाची सरासरी घेतली तर घसरण बरीच कमी ठरते, असे काही अभ्यासकांनी दाखविले. आणि २०२२ साली हायाकावा आदी संशोधकांनी कुलाब्याच्या नोंदी पुन्हा मुळापासून तपासल्या. वाद होतो याचाच अर्थ, त्या वहीवाचून पुढे जाता येत नाही. मे २०२४ मधील वादळात लडाखमधील हानले येथून आकाशाची लाली टिपली गेली, तेव्हाही तुलनेसाठी सर्वांना १८५९ च आठवले.

येथे एक विचार मनात आल्यावाचून राहत नाही. आज संशोधकाचे मोल त्याच्या लेखांचा उल्लेख इतरांनी किती वेळा केला यावर ठरते. नियतकालिकांचा जो प्रभावांक सर्वत्र मिरवला जातो, त्यात मागील दोन वर्षांच्या लेखांना चालू वर्षी किती उल्लेख लाभले हे मोजतात. २००५ पासून व्यक्तीलाही हिर्श यांचा निर्देशांक चिकटला आहे. नेमणुका, बढत्या, अनुदाने या आकड्यांवर हलतात. दोन वर्षांच्या या मापाने १८५९ ची वही मोजली असती तर उत्तर शून्य आले असते. तिचा खरा वाचक एकशे चव्वेचाळीस वर्षांनी जन्मास आला.

तथापि आकड्यांना सरसकट दोष देणेही न्यायाचे नाही. यूजीन गारफील्ड यांनी १९६४ साली उल्लेखसूची प्रसिद्ध केली ती विद्वानांस तराजूत घालण्यासाठी नव्हे, तर अभ्यासकाला एका लेखावरून दुसऱ्या लेखाकडे जाता यावे यासाठी. ग्रंथपालांना कोणती नियतकालिके घ्यावीत हे ठरविण्यासही तिचे साहाय्य झाले. साधन उपयुक्तच आहे. ते न्यायाधीशाच्या आसनावर बसले म्हणजे अनर्थ होतो. शिवाय कोणत्याही मापात न बसणारे काही असतेच. २ सप्टेंबरच्या त्या सकाळी दुर्बिणीला डोळा लावून बसलेल्या साहाय्यकांची नावे कोणत्या उल्लेखसूचीत आहेत? वार्षिक ग्रंथावर नाव अधिकाऱ्याचे. पाच-पाच मिनिटांचा हिशेब मात्र त्यांचा.

नानाभाई १९३६ साली निवर्तले. त्यांची थोरवी एखाद्या चमत्कारिक शोधात नाही. पूर्वसूरींनी टिपलेले जपावे, ते सुसंगत लावावे, त्यातून अर्थ काढावा आणि पुढच्यांच्या हाती अखंड द्यावे, एवढेच त्यांनी केले. आणि 'एवढेच' हा शब्द येथे फार तोकडा आहे. हातोदहून फार दूर नसलेल्या उज्जैनीस जयसिंहांची वेधशाळा आहे. ती दीर्घकाळ मोडकळीस आली होती. १९२३ साली माधवराव शिंदे यांच्या आश्रयाने तिचा जीर्णोद्धार झाला आणि गोविंद सदाशिव आपटे यांनी तिचा कारभार सांभाळला. खंडित परंपरा पुन्हा उभी करण्यास किती सायास पडतात, हे माळव्याला ठाऊक आहे. ट्राम येण्यापूर्वीच अलिबागेस इमारत उभी करणारे नानाभाई म्हणूनच अधिक दूरदर्शी वाटतात.

ग्रंथालयाचे कार्यही याच जातीचे नव्हे काय? मराठी मुलखापासून दूर, इंदूरच्या परिसरात शंभर वर्षे मराठी पुस्तके सांभाळणे हे रोजच्या देवघेवीच्या आकड्यांत मावणारे काम नाही. ते न उघडलेले कपाट रिकामे करण्याचा ठराव कधी पुढे आला, तर सभासदांनी कुलाब्याची वही आठवावी. वाळवीपासून ते जपावे, त्याची सूची करावी, फाटकी पाने चिकटवावीत आणि वाट पाहावी. वाचक येईल, कदाचित तो अद्याप जन्मास आलेला नसेल.