झाडावरची वाट



निसर्गाविषयी लिहिणाऱ्यांच्या, कासूत भरलेल्या या संमेलनाचा अध्यक्ष म्हणून मी आज बोलणार आहे ते ओरांगउटान, गोरिला, चिंपांझी अशा बिनशेपटीच्या वानरांविषयी आणि त्यांच्या जंगलांविषयी. ते कुठले आणि पेण-रोह्याच्या मधलं कासू कुठलं, असं काहींच्या मनात आलं असेल. पण हा विषय आपल्या दारापर्यंत येऊन पोचलेला आहे.

बिन्नी नावाची ओरांगउटानची मादी पुण्यात, कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात होती. २००३ साली तिला ओडिशातल्या नंदनकाननला हलवलं. मे २०१९ मध्ये वयाच्या ४१व्या वर्षी ती तिथेच वारली. त्या वेळी ती देशातली एकुलती एक ओरांगउटान होती. सांभाळणाऱ्यांनी तिला जीव लावला असेलच. पण आपल्या जातीचं दुसरं कुणी दिसण्याची आशाच तिला उरली नव्हती. जंगल जाऊ द्यायचं आणि प्राणी तेवढा वाचवायचा, हा हिशेब शेवटी इथे येऊन थांबतो.

रानात ओरांगउटानचं पिल्लू कितीतरी वर्षं आईला धरून असतं. कुठल्या झाडाला फळ कधी धरतं, कुठली साल सोलून खायची, संध्याकाळी फांद्या वाकवून निजायला माचा कसा रचायचा, हे ते आईचं बघून शिकतं. मादीच्या दोन बाळंतपणांत सात-आठ वर्षांचं अंतर पडतं. त्यामुळे एक मादी गेली, तर ती उणीव भरून यायला आपली अर्धी पिढी जाते. सुमात्रातल्या बातांग तोरूच्या जंगलातली तापानुली ओरांगउटान ही वेगळी जात आहे, हे शास्त्रज्ञांनी २०१७ साली जाहीर केलं, आणि तेव्हाच ती आठशेच्या खाली आलेली होती.

ओरांगउटानची ही बोर्निओ-सुमात्राची जंगलं पडली ती लाकडासाठी, कागदाच्या लगद्यासाठी आणि पामतेलासाठी. पामतेल आयात करण्यात आपला देश जगात पहिला आहे. फरसाण, बिस्किटं, साबण, सगळ्यांत ते असतं. आपल्याच जिल्ह्यातल्या न्हावाशेवा बंदरात खाद्यतेलाची जहाजं रिकामी होतात. पामतेल टाकूनच द्या, असं मी सांगणार नाही. एकरी एवढं तेल दुसरं पीक देत नाही, आणि रोजंदारीवर घर चालवणाऱ्या बाईला स्वस्त तेलाची गरज आहे. मात्र हे तेल जंगल तोडलेल्या जमिनीवरचं आहे का, याचं उत्तर विकणाऱ्या कंपनीने दिलंच पाहिजे.

आता देशातलं उदाहरण सांगतो. बिनशेपटीचा वानर आपल्याकडे रानात आढळतो तो फक्त ईशान्येला, हुलॉक गिबन. तो या भाऊबंदांत लहान चणीचा. नर काळा, मादी भुरी; सकाळी नर-मादी मिळून अशी साद घालतात की सगळं रान घुमतं. त्याचे हात पायांपेक्षा लांब. बोटांचा आकडा फांदीत अडकवून तो अंग झोकून देतो आणि पुढची फांदी पकडतो. जमिनीवर तो जवळजवळ उतरतच नाही. आसामात जोरहाटजवळचं होलोंगापार अभयारण्य १९९७ साली त्याच्यासाठी जाहीर झालं. क्षेत्र जेमतेम २१ चौरस किलोमीटर, आणि त्याच्यामधून इंग्रजांच्या काळातला लोहमार्ग गेलेला. रुळांच्या दोन्ही बाजूंच्या फांद्या एकमेकींना भिडेनाशा झाल्या आणि अलीकडची कुटुंबं अलीकडे, पलीकडची पलीकडे अडकली. पुढे तिथे लोखंडी पूल उभारला, तर गिबन त्याच्याकडे फिरकले नाहीत. त्यांना झाडच हवं होतं.

कासूकरांना हे वेगळं समजावून सांगायला नको. तुमच्याही गावाजवळून रूळ जातात आणि महामार्गही. पनवेल-इंदापूर टप्प्याच्या रुंदीकरणात जुन्या रस्त्याच्या कडेची मोठमोठी झाडं गेली. पूर्वी ती माथ्यावर एकमेकांत मिसळायची आणि वानरांचा कळप रस्त्यावर न उतरता पलीकडे जायचा. आता पोटाशी पिल्लू घेतलेली वानरीण कडेला बसून राहते. एक ट्रेलर जातो, दुसरा येतो, ती दोन पावलं पुढे होते आणि परत मागे फिरते. रस्ता नको, असं मी म्हणत नाही; याच रस्त्याने पेशंट मुंबईला न्यावे लागतात. पण झाड तोडण्याआधी त्याच्यावरून कोण जातं, हे कुणी विचारलं नाही, याचं मला दुःख आहे. जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान असलेलं फणसाड १९८६ साली अभयारण्य झालं आणि तिथला शेकरू टिकला. शेकरूचंही सगळं चालणं वरूनच. अभयारण्याच्या हद्दीबाहेर त्याच्या वाटेची काळजी कुणाला आहे?

वानरं परसातली भाजी, आंबा, पपई नासवतात, ही शेतकऱ्याची तक्रार खरी आहे, आणि तिची भरपाई वेळेवर मिळाली पाहिजे. आपण लेखकांनी हा राग वगळून वानरावर गोड गोड लिहिलं, तर वाडीतला माणूस ते वाचणार नाही, आणि त्याने का वाचावं? व्यंकटेश माडगूळकरांनी ‘सत्तांतर’मध्ये वानरांच्या टोळ्या रंगवल्या, त्या कुठेही लाडावलेल्या नाहीत. भूक, हद्द, मारामाऱ्या, पिल्लांचे मृत्यू, सगळं त्यात आलं आहे. त्यांनी आधी बसून पाहिलं, मग लिहिलं. आपल्यातल्या बऱ्याच जणांचं लेखन आज मोबाइलवरच्या फोटोवरून होतं. ते थांबायला हवं.

म्हणून या संमेलनाने ठराव करून थांबू नये. पेणपासून नागोठण्यापर्यंत रस्त्यावर आणि रुळांवर जिथे जिथे दोन्ही बाजूंची झाडं अजून वरून मिळतात, त्या जागांची वही करू या. झाड कोणतं, त्यावरून कोण जातं, कोणत्या महिन्यात जातं, एवढं लिहायचं. ही माहिती कातकरी आणि ठाकूर वाड्यांतल्या जाणत्यांकडे आहे. त्यांच्याबरोबर फिरायचं आणि त्यांची संमती असेल तर वहीवर लेखक म्हणून त्यांचीच नावं छापायची. शाळांनी पावसाच्या आधी सुरुवात करावी. वही पुरी झाली की तिच्या प्रती वनखातं, महामार्ग आणि रेल्वे या तिघांकडे आपण स्वतः जाऊन देऊ, पोच घेऊ. छपाईचा खर्च माझ्याकडे लागला.