पेठांतल्या भुतांना भेटायला येणाऱ्या मैत्रिणींसाठी

(पुण्याच्या जुन्या पेठांमधून आमच्या गटाच्या बायका संध्याकाळची इतिहास-भटकंती काढतात. बाहेरगावच्या महिला मंडळांतून आलेल्या पाहुण्यांशी निघण्यापूर्वी केलेले हे बोलणे.)

मैत्रिणींनो, चहा घेता घेताच ऐका, कारण एकदा शिवाजी रस्त्यावर आलो की रिक्षा आणि टेम्पोंच्या आवाजात माझे बोलणे तुमच्यापर्यंत पोचायचे नाही. आधी साध्या गोष्टी सांगते. इतिहास काय, रस्त्यात भेटेलच.

पायात पट्ट्याच्या चपला हव्यात. नुसता अंगठा असलेली सपाट चपल पेठेतल्या फरशीवर पावसाळ्यात घसरते, आणि वाड्यांचे जिने उभे, अंधारे असतात. कठड्याच्या जागी वरून सोडलेला दोर असतो. गुडघे दुखणाऱ्यांनी संकोच न करता खाली चौकात थांबावे. कोणीतरी एकजण तुमच्यासोबत खाली थांबेल, एकटीला ठेवणार नाही. पदर, ओढणी खोचून घ्या. बॅटरी दोघींत एक पुरे.

आता ज्या गोष्टीबद्दल कुठल्याही माहितीपत्रकात लिहिलेले नसते ती. आपण साडेपाचला निघणार, साडेआठला संपवणार. या तीन तासांत स्वच्छ, दिवा लागणारी, कडी असणारी बायकांची मुतारी वाटेवर मोजून एक-दोनच ठिकाणी आहे. इथून निघताना सगळ्यांनी जाऊन या. पाळी चालू असेल, वारंवार जावे लागत असेल तर कानात सांगा, मोठ्याने सांगितले तरी चालेल. पण 'नको जायला लागायला' म्हणून दुपारपासून पाणी प्यायचे नाही, ही आपली जुनी सवय इथे नको. पुरुष वाटेल त्या भिंतीशी उभे राहतात आणि आपण शहर बघायला निघालो की पाणी तोडतो. शहराचा इतिहास शिकायचा तर ही गोष्टही त्यातच धरावी लागेल.

परतीचे आत्ताच ठरवा. 2024च्या सप्टेंबरपासून कसबा पेठ आणि मंडई अशी भुयारी मेट्रोची स्थानके झाली आहेत, त्यामुळे शेवटी मंडईला येणे सोयीचे. तरी एकटीने कोणी निघायचे नाही. ज्यांनी घरी 'मीटिंग आहे' एवढेच सांगितले आहे त्यांनी उशीर होणार असेल तर आधी कळवा. उद्या ज्या बाईला घरी ऐकून घ्यावे लागेल तिच्या वतीने आपण इथे धीटपणा दाखवण्यात अर्थ नाही.

हे झाले. आता भुतांचे.

आमच्यातल्या विवेकवादी चळवळीत काम करणाऱ्या मैत्रिणींचा या भटकंतीला सुरुवातीला विरोध होता. भूत नसतेच, तर त्याच्या गोष्टी सांगत बायकांना का फिरवायचे, असा त्यांचा रोखठोक सवाल. मला तो रास्त वाटतो. म्हणूनच आपण पहिल्यांदा ओंकारेश्वराजवळच्या पुलावर जातो. 20 ऑगस्ट 2013 रोजी सकाळी फिरायला निघालेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना तिथे गोळ्या घातल्या. ज्या कायद्यासाठी ते वर्षानुवर्षे झगडत होते तो त्यांच्या खुनानंतर, त्याच वर्षी, आला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. 'अंगात आलंय', 'बाहेरचं लागलंय' म्हणून झोडपून काढली जाते ती बहुतेक वेळा सूनच असते. तेव्हा भटकंतीत कोणीही कोणाला 'तुला जाणवलं का काही?' असे विचारायचे नाही, मागून येऊन भॉक करायचे नाही, कोणाच्या घराकडे बोट दाखवून 'इथे आहे' म्हणायचे नाही. आपण बोट दाखवून निघून जातो आणि त्या घरातल्या मुलीचे लग्न अडते.

मग गोष्टी सांगायच्याच कशाला? तर आपल्या भाषेतल्या भुतांची यादी एकदा नीट बघा. बाळंतपणात मेली ती अळवंत. गरोदरपणी किंवा बाळंतपणी गेली ती हडळ. सवाष्ण मेली ती जखीण. गावागणिक अर्थ थोडे इकडेतिकडे होतात, पण नीट पाहिले तर हे बायकांच्या मरणाचे रजिस्टर आहे. जिथे दाखला नाही, पंचनामा नाही, तिथे पिंपळाखालची किंवा आडातली हडळ हीच काय ती नोंद उरली. गोष्ट ऐकताना घाबरायचे नसेल तर मनात विचारत राहा: ही मेली कशाने? आणि गोष्ट सांगून कोण सुटले?

शनिवारवाड्याशी पोचलो की हे लगेच लक्षात येईल. संध्याकाळी वाडा बंद होतो, आपण दिल्ली दरवाजाबाहेरच उभ्या राहू. पहारेकऱ्याशी हुज्जत घालू नका. पौर्णिमेच्या रात्री 'काका, मला वाचवा' अशी हाक येते, हे तुम्ही लहानपणापासून ऐकलेले आहे. 30 ऑगस्ट 1773 रोजी अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांचा तिथे गारद्यांनी खून केला. रामशास्त्र्यांनी दोषी ठरवले ते काका राघोबादादांना. पण लोकांच्या तोंडी काय राहिले? आनंदीबाईने 'ध'चा 'मा' केला. पत्रातले 'धरावे' खोडून 'मारावे' केले, ही आख्यायिका आहे. पेशवाईची हाव, गारद्यांचा थकलेला पगार, घराण्यातली भाऊबंदकी हे सगळे बाजूला पडून एका बाईच्या लेखणीवर खून आला आणि भाषेत वाक्प्रचार होऊन बसला. ती साध्वी होती असे काही मला म्हणायचे नाही. न्यायाधीशाचा निकाल एकाविरुद्ध आणि बदनामी दुसरीची, एवढेच दाखवते.

आणि त्या दिवशी एकटे नारायणराव मेले नाहीत. गो. स. सरदेसाई यांनी दिलेल्या हिशेबात एकूण 11 माणसे मारली गेली: पेशवे धरून 7 ब्राह्मण, 2 मराठा चाकर आणि 2 दासी. अडीचशे वर्षे त्या तटाला कान लावून लोक एका हाकेची वाट बघतात. त्या दोन दासींची हाक कोणाला ऐकू येत नाही, त्यांची नावेही गोष्टीत नाहीत. तिथे मी मिनिटभर गप्प उभी राहते. तुम्हाला वाटले तर तुम्हीही राहा, सक्ती नाही.

तिथून बुधवार पेठ. इथे माझे बोलणे थोडे कडक होईल. या पेठेत धंदा करणाऱ्या बायकांची वस्ती आहे. आपला रस्ता त्यांच्या गल्लीवरून जातो, गल्लीतून जात नाही, आणि 'एकदा आत बघून येऊ' असा आग्रह कोणी धरायचा नाही. फोटो नाही. टक लावून बघणे नाही, आणि डोळ्याला पदर लावून हळहळणेही नाही. त्या बायका तिथे राहतात, दळण आणतात, मुलांना शाळेत पाठवतात. त्यांच्याशी बोलायचे असेल तर त्यांच्या संघटनांमार्फत, त्यांच्या वेळेला, दिवसाउजेडी या.

त्याच पेठेत, दगडूशेठ गणपतीच्या समोर, भिडेवाडा होता. 1848 साली सावित्रीबाई-जोतीरावांनी मुलींची शाळा काढली ती तिथे. वाडा मोडकळीला आला, कोर्टकज्जे वर्षानुवर्षे चालले, अखेर 2023च्या डिसेंबरमध्ये राष्ट्रीय स्मारकासाठी तो पाडला. गणपतीच्या रांगेतल्या माणसांना धक्का लागणार नाही असे कडेला उभ्या राहा. गणेशोत्सवात ही भटकंती आम्ही ठेवतच नाही.

वाटेत दोन-तीन राहत्या वाड्यांच्या चौकात जाऊ. परवानगी घेतलेली आहे, पण ती चौकापुरती. स्वयंपाकघरात डोकावू नका, वाळत घातलेल्या कपड्यांचे फोटो घेऊ नका, म्हाताऱ्या आजींना 'भाडं किती?' असे विचारू नका. मालक-भाडेकरूंचे दावे चालू असतात, तुमच्या एका प्रश्नाने त्यांची रात्रीची झोप जाते. त्या आपणहून बोलल्या तर मात्र घाई करू नका. पुढचे ठिकाण चुकले तरी चालेल.

चौकातला बुजवलेला आड दाखवून 'यात बाई आहे' असे कोणीतरी सांगतेच. तेव्हा काशीबाईची आठवण ठेवा. मलबारींच्या टिपणावर 1884 साली जोतीरावांनी जे मत लिहून दिले त्यात तिची हकिकत आहे. तरुण ब्राह्मण विधवा, त्यांच्या एका स्नेह्याकडे स्वयंपाकाला होती. शेजारच्या शास्त्र्याने तिला फसवले, दिवस राहिले, औषधांनी गर्भ पडला नाही. मूल झाले, तिने ते मारून विहिरीत टाकले. तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. शास्त्री आपल्या घरी. या हकिकतीत भूत कुठे आहे सांगा. जोतीराव-सावित्रीबाईंनी 1863 साली स्वतःच्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, गुपचूप येऊन बाळंत व्हा म्हणून. असल्याच एका विधवेचा मुलगा, यशवंत, त्यांनी दत्तक घेतला. आपण शेवटी गंज पेठेत त्यांच्या वाड्याशी जातो. दार बंद असेल तर बाहेरूनच बघू. 1868 साली अस्पृश्यांना खुला केलेला हौद याच घरचा.

एक राहिले. हे ऐकताना आपल्यातल्या एखादीला आपली बहीण आठवेल, स्टोव्हचा भडका म्हणून कागदावर मिटलेली. कुणाला बाळंतपणात गेलेली आई. रडू आले तर येऊ द्या, बाजूला व्हावेसे वाटले तर माझ्या किंवा पिवळ्या पिशवीवालीच्या हाताला धरा. तिची गोष्ट दुसऱ्या गावात जाऊन तिच्या परवानगीशिवाय सांगायची नाही.

आणि तुमच्या गावातली हडळ मला सांगा. कुठल्या विहिरीवरची, कुठल्या आळीतली, तिचे नाव कोणाला माहीत आहे का. मागच्या कोपऱ्यात वही ठेवली आहे, आज लिहिता आले नाही तर पोस्टाने पाठवा. चला, कप गोळा करा आणि ज्यांना जायचे आहे त्यांनी आत्ता जाऊन या.