ग्रीक अक्षरे आणि नाशिकची चांदी
(उत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



नाण्यांवर बोला, असे मंडळाने सांगितले तेव्हा मी टाळाटाळ केली होती. मी रेल्वेतला डिप्लोमावाला, इतिहासाचा अभ्यासक नव्हे. पण हा छंद मला रुळांनीच लावला. आपल्या भिलाईच्या रुळाच्या वेबवर कारखान्याची खूण, महिना, वर्ष उठवलेले असते. रूळ कुठेही टाका, जन्मगाव सांगतो. जुनी नाणीही तशीच बोलतात.

ग्रीक चांदी म्हटली की अथेन्सचे घुबड किंवा अलेक्झांडरचे सतरा ग्रॅमचे भारी नाणे आठवते. ते आपल्या पगाराचे काम नाही. पण इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात वायव्य भारतात मिनँडर नावाचा ग्रीक राजा होऊन गेला. बौद्ध ग्रंथांतला मिलिंद तोच. त्याचा द्राम जेमतेम अडीच ग्रॅमचा. एका बाजूला ग्रीक अक्षरे, दुसऱ्या बाजूला खरोष्ठीत 'महरजस त्रतरस मेनंद्रस'. राजा ग्रीक, पण बाजार इथला, म्हणून दोन लिप्या! 'पेरिप्लस' हे समुद्रप्रवासाचे जुने ग्रीक पुस्तक सांगते, की मिनँडर आणि अपोलोडोटस यांचे जुने द्राम भरुचच्या बाजारात अजून चालतात. हे पुस्तक इसवी सनाच्या पहिल्या शतकातले, म्हणजे राजाला जाऊन दोनशे वर्षे होत आली तरी नाणे फिरतच होते.

त्याच वळणाची नाणी पुढे क्षहरात क्षत्रप नहपानाने पाडली. तो ग्रीक नव्हे, शक. तरी राजाच्या मुखवट्याभोवती ग्रीक अक्षरे आहेत. गंमत अशी, की ती अक्षरे लावून वाचली तर भाषा आपली प्राकृतच निघते! मागे बाण आणि वज्र, भोवती ब्राह्मी व खरोष्ठी. १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभीला अशा तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारला आहे. राजाच्या चेहऱ्यावरच तीन कमानींचा डोंगर ठोकलेला, खाली नहपानाचे नाक अर्धवट दिसते. नाशिकच्या लेण्यात गौतमीपुत्राच्या आईने, गौतमी बलश्रीने, मुलाने क्षहरातांचा वंश निर्मूळ केला असे कोरून ठेवले आहे. त्या ओळीची पावती या चांदीवर आहे.

पण ही पावती वाचता आली, कारण साठा एकत्र तपासला गेला. रेव्हरंड स्कॉट यांनी ती नाणी अभ्यासली. तीच नाणी सोनाराच्या मुशीत गेली असती, किंवा शंभर जणांच्या कपाटांत विखुरली असती, तर किती नाण्यांवर दुसरा छाप आहे हे कोणी मोजले असते? म्हणून कायदा आहे. १८७८ च्या कायद्याने दहा रुपयांहून अधिक किमतीचे पुरलेले धन सापडल्यास कलेक्टरला कळवावे लागते. शंभर वर्षांपूर्वीची नाणी १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतात, परदेशी नेता येत नाहीत. संग्राहकांना हा कायदा जाच वाटतो. मलाही पूर्वी वाटे.

आता माझी फजिती. काही वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात मी 'मिनँडर'चे नाणे घेतले. कुठून आले, हे विचारले नाही. विचारले तर भाव वाढेल, ही भीती! घरी भिंगाखाली धरले तर पृष्ठभागावर बारीक छिद्रे, आणि कडेला घासून लपवलेली सांध्याची रेघ. खरे नाणे छाप मारून पाडतात, त्याला अशी रेघ येत नाही. ती येते दोन अर्ध्या साच्यांत ओतलेल्या वस्तूला. डिप्लोमात फाउंड्रीच्या तासाला हेच शिकलो होतो. सौभाग्यवती म्हणाल्या, "एवढे शिकून काय उपयोग?" त्यावर अजून उत्तर सापडलेले नाही.

तेव्हापासून नाणे कुठून आले याचा कागद नसेल, तर मी ते हातात घेतो, बघतो आणि परत देतो. पाहण्याची हौस फिटते ती नाशिकजवळ अंजनेरीच्या नाणेशास्त्र संस्थेच्या संग्रहालयात. गावी जाताना वाकडी वाट करून मुलांना जरूर दाखवा.

ते बनावट नाणे आज बरोबर आणले आहे. आरतीनंतर प्रसादाच्या टेबलाशेजारी भिंगासकट ठेवतो. कड नखाने चाचपून पाहा, रेघ लागेल.